चाचणी कोणाच्या बोटांवर?

मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : सक्तीची यंत्रे आणि ॲप लोकांच्या हाती देण्याआधीची चाचणी



रेशन अन्न व नागरी पुरवठा विभागाकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे, रोजगार हमी तिसऱ्याकडे. हे पत्र या सगळ्यांच्या कामाबद्दल आहे, म्हणून ते सगळ्या विभागांच्या वर असलेल्या आपल्या कार्यालयाला लिहितो आहे. गेल्या पंधरा वर्षांत सरकार आणि माणूस यांच्या मध्ये एक यंत्र येऊन बसले आहे. स्वस्त धान्य दुकानात ई-पॉस मशीन आहे, सेविकेच्या हातात मोबाइल आहे, योजनेच्या अर्जाला ओटीपी आहे. यंत्रे काढून टाका असे मला म्हणायचे नाही. कागदी नोंदवहीच्या काळात काय चालत असे ते मला ठाऊक आहे, आणि त्या काळाची मला ओढ नाही. माझे म्हणणे या यंत्रांच्या परीक्षेपुरते आहे. ज्या माणसाला त्या यंत्राखेरीज दुसरी वाटच नाही, त्याच्यावर ते आधी तपासावे. ते त्याच्या गावात, त्याच्या कामाच्या दिवसांत तपासावे. आणि त्या तपासणीत यंत्र नापास झाले, तर सक्तीचा आदेश निघू नये. आज नवे ॲप येते तेव्हा सक्तीची तारीख आधी ठरते आणि चाचणी तिच्या मागून धावते. अशा चाचणीत यंत्राला नापास होण्याची मुभाच नसते.

दुकानात अंगठा लावतात ती एक कृती जवळून पाहू. बोटाच्या कातडीवर बारीक कंगोरे असतात. कुठे एखादा कंगोरा दुभंगतो, कुठे मध्येच संपतो. या जागांचा नकाशा यंत्र टिपते आणि आधार नोंदणीच्या वेळी साठवलेल्या नकाशाशी तो ताडून पाहिला जातो. या ताडण्यातून थेट ‘हो’ किंवा ‘नाही’ निघत नाही. आधी निघतात ते गुण, आणि किती गुणांना पास म्हणायचे हे कोणीतरी माणसाने ठरवून ठेवलेले असते. ती रेघ वर नेली की तोतयाला शिरणे अवघड होते, पण खरा माणूसही जास्त वेळा बाहेर राहतो. खाली आणली की उलटे. आता या काचेवर कोणती बोटे येतात ते पाहा. विटा वाहणारी, सिमेंट कालवणारी, ऊस तोडणारी, विड्या वळणारी, दिवसभर धुणीभांडी करणारी. विटेच्या घासण्याने कंगोरे झिजतात, सिमेंटमधला चुना कातडी खातो, म्हातारपणी कातडी कोरडी पडून काचेला नीट चिकटत नाही आणि ठसा तुटक उमटतो. बोट ओले असेल तर कंगोरे एकमेकांत मिसळून नुसता डाग उमटतो. म्हणून मग बोट पदराला पुसायचे, तेलाचा हात फिरवायचा, अंगठा झाला नाही तर तर्जनी, तर्जनी झाली नाही तर दुसरा हात, आणि शेवटी ‘उद्या या, आज सर्व्हर नाही’. झीज कामाच्या प्रमाणात होते. ज्याने जास्त अंगमेहनत केली त्यालाच यंत्र कमी ओळखते, आणि रेशनच्या धान्यावर जास्त अवलंबून असतो तोही तोच. कार्यालयात टेबलाशी बसणाऱ्यांच्या बोटांवर हे यंत्र उत्तम चालते. तेवढ्यावरून ते दुकानातही चालेल असे अनुमान काढता येत नाही.

ही अडचण कोणाच्या लक्षात आली नव्हती असेही नाही. आधारसाठी बायोमेट्रिक मानके ठरवायला नेमलेल्या समितीने डिसेंबर २००९ च्या अहवालातच लिहून ठेवले होते की अचूकता सर्वांत जास्त ज्यावर अवलंबून असते त्या बोटांच्या ठशांच्या दर्जाचा भारतीय परिस्थितीत खोलवर अभ्यास झालेला नाही. त्यानंतर ग्रामीण भागात चाचण्या झाल्या आणि नोंदणीत बोटांच्या जोडीला डोळ्यांची बुबुळेही घेतली गेली. हा निर्णय शहाणपणाचा होता. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला, तेव्हा ही दोन्ही साधने हाताशी होती. मात्र नोंदणीच्या वेळी घेतलेली ही काळजी दुकानाच्या काउंटरपर्यंत पोचली नाही. तिथे वर्षानुवर्षे बहुतेक ठिकाणी एकटे बोटाचे यंत्रच राहिले. केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत ओळख न पटण्याच्या प्रमाणाचे काही राज्यांचे अंदाज छापले आहेत : झारखंड ४९ टक्के, राजस्थान ३७ टक्के, गुजरात ६ टक्के, आंध्रातला कृष्णा जिल्हा ५ टक्के. यंत्र तेच, कायदा तोच, आणि फरक ५ पासून ४९ पर्यंत. हे अंतर पडते रेंजमुळे, विजेमुळे, हातांमुळे, नोंदणीच्या वेळच्या घाईमुळे. आणि पुढे २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे जे सादरीकरण केले, त्यात सरकारी सेवांमध्ये ओळख पटण्याचे प्रमाण ८८ टक्के सांगितले होते.

या ८८ टक्क्यांपाशी थोडे थांबायला हवे, कारण सगळा घोळ सरासरीत आहे. शंभरातले बारा प्रयत्न फसले, असे वाचले की वाटते, आज याचा फसला, उद्या त्याचा फसेल, महिन्याअखेर सगळे सारखेच. पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो तसा हिशेब आपण मनात करतो. पण ठसा न जुळणे हे नशिबावर नसते, ते त्या कातडीवर असते. ज्या आजीचा ठसा या महिन्यात जुळला नाही तिचाच पुढच्या महिन्यात जुळणार नाही, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात तर आणखी कमी, कारण तिचे वय वाढते आहे. म्हणजे मंत्रालयातल्या पडद्यावर जो आकडा छोटा आणि स्थिर दिसतो, तो गावात त्याच चार घरांवर दर महिन्याला येऊन पडतो. शिवाय हा आकडा प्रयत्नांचा असतो. तीनदा फसून चौथ्यांदा जुळले तर एक माणूस यशस्वी धरायचा की तीन प्रयत्न फसले असे धरायचे, यावर टक्केवारी बदलते. आणि जी बाई दोनदा रिकाम्या हाती परतून तिसऱ्यांदा आलीच नाही, ती कुठल्याच रकान्यात नसते. यंत्राला तिची फेरी दिसत नाही, तिने बुडवलेला रोज दिसत नाही. म्हणून चाचणीचा निकष ‘किती व्यवहार यशस्वी’ असा ठेवला की यंत्र नेहमी पास होते. ‘सलग दोन महिने कोण रिकाम्या हाती गेले, त्यांची नावे काय, त्यांच्या घरी कोणी विचारायला गेले का’ असा निकष ठेवला तरच यंत्राची खरी परीक्षा होते.

हे अशक्य आहे, एवढ्या मोठ्या देशात अशी चाचणी घेता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी आपल्याच देशातले उदाहरण देतो. मतदान यंत्राला जोडलेल्या, मत कोणाला गेले याची कागदी चिठ्ठी दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅटची पहिली क्षेत्रचाचणी जुलै २०११ मध्ये झाली. ती कुठे घेतली ते पाहण्यासारखे आहे : लेह, जैसलमेर, चेरापुंजी, तिरुअनंतपुरम आणि पूर्व दिल्ली. एकीकडे विरळ हवा आणि थंडी, दुसरीकडे वाळवंट, तिसरीकडे जुलैतला चेरापुंजीचा पाऊस, चौथीकडे दमट किनारा आणि पाचवीकडे शहराची गर्दी. यंत्राला जिथे जास्तीत जास्त त्रास होईल तिथे ते मुद्दाम नेले. त्यातून दोष निघाले, आराखडा बदलला, २०१२ मध्ये पुन्हा चाचणी झाली. निवडणुकीचे नियम बदलले ऑगस्ट २०१३ मध्ये, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन या एकाच विधानसभा मतदारसंघात ते पहिल्यांदा खरोखर वापरले गेले. २०१४ च्या लोकसभेत आठ मतदारसंघ झाले. सगळ्या देशात ते आले २०१९ मध्ये. या यंत्रांवर आजही शंका घेणारे लोक आहेत आणि त्यांचा वाद वेगळा आहे. मी इथे फक्त चाचणीच्या रीतीबद्दल बोलतो आहे. आठ वर्षे लागली, आणि या आठ वर्षांत एकही निवडणूक व्हीव्हीपॅटसाठी अडून राहिली नाही.

तरीही ते यंत्र फसले, आणि आपल्याच राज्यात फसले. मे २०१८ मध्ये भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक झाली. विदर्भातला मे महिना. केंद्रांवर व्हीव्हीपॅट एकामागून एक बंद पडू लागली. यंत्राच्या आतल्या एका सेन्सरवर थेट उजेड पडल्याने तो गोंधळतो, असे पुढे निष्पन्न झाले आणि त्यावर झाकण बसवण्याची सुधारणा झाली. पाच जागी तपासलेल्या यंत्रालाही सहाव्या जागेच्या उजेडाने हरवले. पण त्या दिवशी मतदाराचे काय झाले? ४९ केंद्रांवर दोनच दिवसांत फेरमतदान घेतले गेले. यंत्र चुकले तर माणसाचा हक्क बुडणार नाही, ही तरतूद आधीपासून लिहिलेली होती, आणि ती कोणाच्या मर्जीवर नव्हती. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मतदानाच्या दिवशी सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान होते. ज्यांचे हित त्या यंत्रात गुंतले आहे, त्यांच्या डोळ्यांदेखत, वापराच्या ठिकाणी, वापराच्या दिवशी यंत्र तपासले जाते. धान्य दुकानात पहिल्या तारखेला, दक्षता समिती आणि पाचपंचवीस कार्डधारकांसमोर असे काही का होऊ नये? मत पाच वर्षांतून एकदा द्यायचे असते, धान्य दर महिन्याला न्यायचे असते.

अंगणवाडीचे उदाहरण उलट्या बाजूचे आहे. राज्यातल्या सेविकांना २०१९ च्या सुमारास मोबाइल दिले गेले. दोन जीबी रॅमचे. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आले आणि त्यात नोंदी भरणे बंधनकारक झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविका हे मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत करू लागल्या. संघटनांचे म्हणणे होते की मोबाइल तापतो, अडकतो, ॲप त्यात मावत नाही, आणि ॲपची भाषा इंग्रजी आहे. यातली एकही तक्रार गुंतागुंतीची नाही. एका अंगणवाडीत एक आठवडा, एका सेविकेच्या शेजारी बसून तिची वही आणि तिचा मोबाइल पाहिला असता तर चारही गोष्टी पहिल्या दिवशी कळल्या असत्या. ती सकाळी मुलांना बसवते, आहार वाटते, वजने घेते, मध्येच गरोदर बाई आली तर तिच्याशी बोलते, आणि या सगळ्यात ओल्या हाताने मोबाइल उचलते. ॲप बनवणाऱ्याच्या टेबलावर हा दिवस नसतो. सेविका अशिक्षित म्हणून तंत्रज्ञानाला घाबरतात, हा तेव्हाचा सूर चुकीचा आणि अन्यायाचा होता. पुढे ॲपला मराठी मिळाली. ती आंदोलनानंतर मिळाली, याची मला खंत आहे.

अर्जांचेही असेच होते. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत २०२५ साली लाभार्थी बाईच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांचे आधार मागितले गेले. ज्या बाईचा नवरा वारलेला आणि वडीलही वारलेले, तिच्यासाठी त्या पडद्यावर जागाच नव्हती. पुढे मुदत वाढवून तिच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. महाराष्ट्रात अशा बायका किती आहेत हे कळायला संगणक लागत नाही, कुठल्याही गावातल्या एका गल्लीत चौकशी केली तरी पुरे. ज्या योजनेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता यांचा उल्लेख पहिल्या ओळींत आहे, तिच्या अर्जाची चाचणी एका विधवेला बसवून घेतली असती तर ही चूक पाच मिनिटांत सापडली असती. भाषेचेही तसेच आहे. ‘घरात कोणी सरकारी नोकरीत नाही ना?’ असे मराठी माणसाला विचारले तर तो ‘हो’ म्हणतो, आणि त्या ‘हो’चा अर्थ ‘बरोबर, कोणी नाही’ असा असतो. संगणकाच्या रकान्यात ‘हो’ म्हणजे हो. नकारार्थी प्रश्नाखाली होय-नाहीची दोन बटणे ठेवणे म्हणजे खरे बोलणाऱ्या माणसाला खोटे ठरवण्याची व्यवस्था करणे आहे. भाषेची चाचणी ही यंत्राच्याच चाचणीचा भाग आहे, आणि ती भाषांतरकाराकडून नव्हे, अर्ज भरणाऱ्याकडूनच होऊ शकते.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप गळतीचा आहे. बोगस कार्डे होती, दुकानदार दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलत होते, यंत्राने त्याला आळा बसला. थोड्यांची गैरसोय झाली तर ती सोसायला हवी. बोगस कार्डे होती हे खरेच आहे. पण यंत्राने नेमके काय साधले हे मोजायला झारखंडमध्ये एक मोठा प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी राज्य सरकारच्या सहकार्याने १३२ तालुकावजा गटांत आधार-पडताळणी कोणत्या क्रमाने लागू करायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले आणि आधी व नंतर लागू झालेल्या गटांची तुलना केली. नुसत्या अंगठ्याच्या पडताळणीने गळतीत मोजता येईल अशी घट झाली नाही. ज्यांचे आधार आधी जोडलेले नव्हते त्या लाभार्थ्यांना मिळणाऱ्या धान्याचे मूल्य मात्र सुमारे १० टक्क्यांनी घटले. पुढे दुकानात शिल्लक असायला हवे असलेले धान्य हिशेबात धरून नवा पुरवठा कमी करायला सुरुवात झाली, तेव्हा गळती खरोखर कमी झाली, पण त्यातही खऱ्या लाभार्थ्यांच्या वाट्याचा काही भाग गेला. याचा अर्थ यंत्र निरुपयोगी असा मी काढत नाही. चोरी पकडण्याचे काम मुख्यतः साठ्याच्या हिशेबाने केले आणि माणूस अडवण्याचे काम अंगठ्याने केले, हे दोन्ही वेगळे करून मोजल्यावरच दिसले. मोजले नसते तर चोरी थांबल्याचे श्रेय अंगठ्याला गेले असते आणि माणूस अडल्याचा दोष कोणालाच नाही.

दुसरा आक्षेप असा की अपवादाची तरतूद आहेच. ती आहे. केंद्राच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी स्पष्ट लिहून कळवले की आधार नाही किंवा ओळख पटली नाही या कारणाने कोणालाही धान्य नाकारू नये, आणि अशा व्यवहारांची वेगळी नोंद ठेवावी. पण या पर्यायी वाटेची चाचणी कोणी घेतली आहे का? अपवादाची नोंदवही दुकानात आहे का, ती वापरली तर दुकानदाराला तहसीलमधून खुलासा मागितला जातो का, नोंद केल्यावर ते धान्य त्याच्या पुढच्या कोट्यातून कापले जाते का, आणि आजीला अशी वाट आहे हे ठाऊक तरी आहे का? दुकानदाराला अपवाद नोंदवण्यात धोका आणि परत पाठवण्यात काहीच धोका नाही, अशी रचना असेल तर तो परतच पाठवेल, तो वाईट माणूस नसला तरी. भंडाऱ्यात फेरमतदान झाले कारण ते न घेण्याची मुभा कोणाला नव्हती. धान्याच्या बाबतीत अपवाद हा दुकानदाराचा उपकार होऊन बसतो.

तिसरा आक्षेप वेळेचा. चाचण्या घेत बसलो तर योजना रखडतील आणि नुकसान गरिबाचेच होईल. हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याला मनापासून उत्तर देतो. योजना आणि यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणी चालू असताना धान्य जुन्या रीतीने वाटले जाते, पैसे जुन्या रीतीने जमा होतात. थांबते ती फक्त सक्ती. आणि चाचणी टाळून वाचवलेला वेळ पुढे मुदतवाढींत, शुद्धिपत्रकांत, दुरुस्तीच्या लिंकमध्ये आणि तहसीलच्या रांगेत खर्च होतोच. फरक एवढाच की तो खर्च मंत्रालयाच्या वेळेतून न होता लोकांच्या रोजंदारीतून होतो. राहिला चौथा, की आता चेहऱ्यावरून ओळख येते आहे, बोटांचा प्रश्न मिटेल. कदाचित मिटेलही. पण अंगणवाडीच्या मंद उजेडात, स्वस्त मोबाइलच्या कॅमेऱ्याने, घरी न्यायचा आहार घ्यायला आलेल्या बाईचा चेहरा आधारच्या दहा वर्षांपूर्वीच्या फोटोशी जुळतो का, हा प्रश्न बोटाच्या प्रश्नाचाच भाऊ आहे. त्याचेही उत्तर अंगणवाडीतच शोधावे लागेल.

म्हणून आपल्याकडे मागणी अशी. कुठलेही यंत्र, ॲप किंवा अर्ज एखाद्या हक्काची अट होणार असेल, तर त्याची सक्ती करणाऱ्या शासन निर्णयाला चाचणीचा अहवाल जोडलेला असावा आणि तो मराठीत, लोकांना वाचता येईल असा, निर्णयासोबत प्रसिद्ध व्हावा. अहवालात चाचणी कुठे झाली, कोणत्या महिन्यात झाली, किती जण साठीच्या पुढचे होते, किती जण अंगमेहनत करणारे होते, किती जण रिकाम्या हाती परतले आणि पर्यायी वाटेने त्यांतल्या किती जणांना त्याच दिवशी मिळाले, हे लिहिलेले असावे. किती जण परतले तर सक्ती होणार नाही, तो आकडा चाचणी सुरू होण्याआधी जाहीर व्हावा, नंतर नव्हे. आणि चाचणी घेणारा आणि यंत्र पुरवणारा एकच नसावा.

जागा मीच सुचवतो. गडचिरोलीत भामरागड आहे. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की पूल पाण्याखाली जातो आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. सातपुड्यातले धडगाव आहे, पालघरमधले मोखाडा आहे. एखादे ऊसतोड कामगारांचे गाव बीडमधले घ्या, माणसे कारखान्यांवरून परतल्यावर, एप्रिल-मेमध्ये, हात कोयत्याने सोललेले असताना. एक झोपडपट्टी मुंबईतली घ्या, जिथे बायका चार घरची भांडी करून दुकान बंद व्हायच्या आत रांगेत पोचतात. पुढच्या यंत्राची चाचणी भामरागडला जुलैमध्ये घ्या, आणि ती घ्यायला ज्यांनी ते यंत्र खरेदी केले त्या अधिकाऱ्यांना पाठवा.

आपला,
एक नागरिक